कोर्स अर्धवट सोडायचा नाही

औरंगपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. वीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस स्वस्थ बसू शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. समोरच्यानं "लेकराला जुलाब लागलेत" एवढं म्हणायचा अवकाश, माझा हात मागच्या फळीकडे गेलेला असायचा. कुठल्या फळीवर काय आहे हे डोक्याला विचारावं लागत नाही. रोज पाच-सात जण तरी चिठ्ठीशिवाय यायचे. "भाई, बच्चे कू दस्त लग गए, वो पिछले टैम का सिरप दे दो," म्हणणारे आजोबा असायचे, सिल्लोडची गाडी गाठायची घाई असलेली बाई असायची. अँटिबायोटिकच्या खोक्यावर लाल रेघ असते, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. मी द्यायचो. आणि वरून बजावायचो, "कोर्स अर्धवट सोडायचा नाही हां."

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हीच वेळ माझ्या घरात आली. मुलगी दहा महिन्यांची होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली, त्यामुळे तिला शिंक आली तरी आम्ही दोघं जागेवरून उठायचो. बायको शाळेत शिकवते, पण तेव्हा रजा वाढवून घरीच होती. सकाळी अकराच्या सुमारास तिचा दुकानात फोन आला, "अहो, तिसऱ्यांदा पातळ झालीये." दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा अँटिबायोटिकची बाटली शर्टाच्या खिशात होतीच. आतल्या पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी लेबलवरच्या बाणापर्यंत भरलं, बाटली खळखळून हलवली आणि ड्रॉपरनं औषध मुलीच्या गालात सोडलं. बायकोनं विचारलं, "कशाचं आहे?" म्हटलं, "पोटाचं." तिनं पुढं काही विचारलं नाही. डोकं दुखलं तरी ती गोळी माझ्याच हातून घेणारी बाई. औषधाच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा होता.

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले आणि मी दुकानात कॉलर ताठ करून फिरलो. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात. माझा पहिला संशय पाण्यावर गेला. आमच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं आणि गच्चीवरच्या टाकीत ते पुरवून पुरवून वापरावं लागतं. नळ आदल्याच दिवशी येऊन गेला होता, टाकी काठोकाठ भरली होती. मी तिरीमिरीत गच्चीवर गेलो, सगळी टाकी रिकामी केली आणि आत उतरून ब्रशनं घासत बसलो. खाली बायको नुसतीच बादली घेऊन उभी होती. पुढचे सात दिवस टँकर मागवावा लागला आणि शेजाऱ्यांनी माझ्याकडे वेड्याकडं पाहावं तसं पाहिलं. बायको मुलीचं पाणी पहिल्यापासून उकळूनच देत होती, हे मला टाकीत उतरायच्या आधी आठवायला हवं होतं.

टाकी झाली, आता काय? दुसरं औषध. पहिल्यापेक्षा कडक. त्याचे चार दिवस झाले आणि जुलाब सुरूच राहिले, तेव्हा तिसरं. ते सात दिवसांचं होतं. मधल्या काळात काउंटरवर उभा असताना मी दर अर्ध्या तासानं घरी फोन करत होतो. "झाली का? कशी झाली? रंग काय?" समोर गिऱ्हाईक मधुमेहाच्या गोळ्या मागतंय आणि मी फोनवर शीच्या रंगाची चौकशी करतोय. बायकोनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक जुलाबाला एक रेघ मारायला सुरुवात केली होती. एका चौकोनात नऊ रेघा झाल्या तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "आता डॉक्टरकडं जायचं."

मुलीकडे बघवत नव्हतं. मांडीवरची कातडी सैल पडली होती. बसायची जागा लालबुंद झाली होती, पाणी लागलं की किंचाळायची. आधी पंख्याशी तासन्तास बोलायची, ती आता पंख्याकडे नुसती बघत पडून राहायची. मी उठून काहीतरी करायला लागायचो. वाटी-चमचा उकळ, दुपटी उन्हात टाक, ओआरएसचं पाणी पुन्हा लिटरच्या मापानं मोजून बघ. बायको म्हणायची, "जरा बसा ना तिच्याजवळ." मला बसणं जमत नव्हतं.

ज्या डॉक्टरकडे गेलो त्या बाईंची मी दुकानात टिंगल करायचो. त्यांच्या चिठ्ठीवर जुलाबासाठी ओआरएस, झिंक आणि खाली मोठ्या अक्षरात "मुगाची खिचडी" एवढंच असायचं. आम्ही औषधवाले त्यांना आपसात खिचडी मॅडम म्हणायचो. आता मी त्यांच्या बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसलो होतो. वजन झालं, सात किलो आठशे. मागच्या महिन्यात लस द्यायला नेली होती तेव्हा आठ किलो दोनशे होतं.

"आतापर्यंत काय काय दिलं?" मॅडमनी विचारलं.

मी डी.फार्म. झालेला माणूस. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात, त्या मला दुकानाच्या नावानिशी ओळखतात. दहा दिवसांत तीन अँटिबायोटिक, तीही दहा महिन्यांच्या पोरीला, हे तोंडातून निघेना. म्हटलं, "ओआरएस. आणि झिंक."

बायको शेजारीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. ड्रॉपरनं मी देत होतो ते झिंकच असणार, असं तिला वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "छान केलंत. बहुतेक वेळा औषधवालेच आधी नको ते देऊन ठेवतात. तुम्ही नाही दिलंत, बरं झालं." मग त्यांनी सांगितलं की हे दिवस काढायचे ते जेवण देऊन. मऊ खिचडी, वर तूप, दही, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं पण दिवसातून सहा वेळा. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवायचं नाही. आईचं दूध चालूच ठेवायचं, जितकं मागेल तितकं. "दुसरं काही औषध नको. शी तपासायला द्या आणि आठवड्यानं परत आणा."

घरी आलो आणि तिसऱ्या औषधाची बाटली समोर दिसली. एक दिवस झाला होता, सहा राहिले होते. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही मरतात आणि मग त्या औषधानंच जुलाब लागून राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, गिऱ्हाइकांना सांगितलंही होतं. पण अर्धवट सोडलं तर जंतू शिरजोर होतात, हेही वीस वर्षं मीच सांगत आलो होतो. सुरू केलंय तर पूर्ण करायचं. शिवाय हातात बाटली घेऊन काहीतरी करतोय असं तरी वाटायचं, खिचडी भरवणं हे काय औषध झालं? मी बाटली खिशात ठेवली आणि डोस चुकवला नाही. मॅडमनी दिलेलं झिंक बायको देत होती, माझं मी देत होतो. तिला वाटायचं, हेही त्यातलंच.

दुसऱ्या दिवशी लासूर स्टेशनहून सासूबाई आल्या. बाई स्वभावानं मायाळू, सहा लेकरं वाढवलेली, हाताला काम असल्याशिवाय चैन न पडणारी. त्या बाबतीत आमचं जमायचं. आल्या आल्या त्यांनी नातीला उचललं, मांडी दाबून पाहिली आणि लेकीकडे वळल्या.

"अंगावर पाजतीस न्हवं अजून?"

"पाजते की. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरला काय ठावं. दूध बाधतंय लेकराला. माझ्या तिसऱ्याला असंच झालतं. बघून तर घेऊ."

बघायची रीत अशी होती की वाटीत पाणी घ्यायचं आणि त्यात आईच्या दुधाचे थेंब सोडायचे. दूध पाण्यात मिसळलं तर चांगलं, तळाला गेलं तर बाधणारं. मी दुकानाला निघालो होतो, स्कूटरची किल्ली हातात होती. स्वयंपाकघराच्या दारात थबकलो. बायको पाटावर बसली होती, पुढं स्टीलची वाटी. सासूबाईंनी चमच्यातून थेंब सोडले. पांढऱ्या दोऱ्या खाली खाली गेल्या.

"बघ बाई. तळाला चाललंय. लई जड हाय, लेकराला झेपंना."

बायकोनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. ती शिकलेली बाई आहे. माझ्याकडून तिला फक्त एवढंच ऐकायचं होतं की असं काही नसतं. पाण्यात दूध कसं पसरतं यावरून काहीही कळत नाही, हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता, मग जुलाब कशानं होताहेत? त्याचं उत्तर माझ्या शर्टाच्या खिशात होतं. इथं मला कुठलीही सबब सांगायची नाही. दोष दुसरीकडे चालला होता आणि मला बरं वाटलं. मी म्हणालो, "आई म्हणतात तर बघू चार दिवस," आणि जिना उतरलो.

जिन्यातच सासूबाईंनी वरून हाक मारली. "जावईबापू, येताना गुलमंडीवरून मोगरा आणा. सुटा आणा, गजरा नको." अंगावरचं दूध आटवायला मोगऱ्याची फुलं छातीवर बांधतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. घरी आणून दिली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी मी पुन्हा आणली. तेव्हा मला सगळं माहीत होतं.

ते दिवस फार वाईट गेले. बायकोला छाती दाटून ताप भरला. न्हाणीत जाऊन ती दूध पिळून टाकायची आणि इकडे मुलगी तिच्या वासानं हात पसरून रडायची. सासूबाई तिला घेऊन दुसऱ्या खोलीत जायच्या आणि शेळीचं दूध निम्मं पाणी घालून चमच्यानं पाजायच्या. मुलगी पहिले दोन दिवस चमचा ढकलायची, मग घ्यायला लागली. खिचडीचा एखादा घास जायचा, बाकी सांडायचा. कॅलेंडरवरच्या रेघा कमी होईनात. मी दुकान आणि घर अशा दिवसातून चार खेपा मारत होतो. बायको माझ्याशी बोलायची बंद झाली होती, पण रागानं नाही. ती पोरीकडे अपराध्यासारखी बघायची आणि तिला उचलून घ्यायला घाबरायची. एकदा मी तिला ऐकलं, ती झोपलेल्या मुलीला म्हणत होती, "माझ्यामुळं गं." मी तिथून निघून आलो आणि दुकानातली एक्स्पायरीची औषधं वेगळी करत बसलो.

सतराव्या दिवशी आम्ही पुन्हा मॅडमकडे गेलो. काट्यावर सात किलो चारशे. मॅडमनी काट्याचा आकडा पाहिला, पोरीला उतरवून पुन्हा ठेवली, आकडा तोच आला.

"हे मला कळत नाही," त्या म्हणाल्या. शीचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. "जंतू काही सापडले नाहीत. जेवण देताय, झिंक देताय, आईचं दूध आहे. इतकं उतरायला नको. आता भरती करू. रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील. गहू सोसत नाही का ते पाहू, कदाचित दुर्बिणीनं आतडं बघावं लागेल, त्याला मोठ्या दवाखान्यात..."

"दूध बंद केलंय," बायको मध्येच म्हणाली. वर्गात हजेरी सांगावी तसा तिचा आवाज सपाट होता. "सहा दिवस झाले. माझं दूध खराब आहे. माझ्यामुळंच झालंय तिला. आता तुम्ही काय ते करा, पण तिला वाचवा."

मॅडम काही बोलायच्या आत मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. धीर आला म्हणून नव्हे. पोरीच्या आतड्यात दुर्बीण घालणार, हे ऐकल्यावर हात कुठं ठेवावेत हे मला कळत नव्हतं.

मॅडमनी लेबल वाचलं. "हे कधीपासून?"

"सात दिवस."

"आणि त्याच्या आधी?"

"दुसरं. त्याच्याही आधी एक."

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी बायकोला विचारलं. बायकोनं नकारार्थी मान हलवली. ती बाटलीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"आज शेवटचा डोस होता," मी म्हणालो. ते वाक्य आठवलं की अजूनही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मॅडम ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. बाटली त्यांनी टेबलाच्या खणात ठेवली. "आजपासून ओआरएस, झिंक आणि जेवण. भरती एक दिवस थांबवते, पण लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, पाणी ठरेना झालं तर तसंच उचलून आणायचं. उद्या सकाळी वजन करायला यायचं आणि मग रोज. आणि तुमच्या दुधात काही वाईट नाहीये," त्या बायकोला म्हणाल्या, "आत्ता, इथंच घ्या तिला."

पडद्यामागं बायकोनं तिला पदराखाली घेतलं. मी बाहेर बसून ऐकत होतो. मुलगी आधी गप्प झाली, मग रडायला लागली, मग जोरात रडायला लागली. तिनं तोंड लावलं नाही.

त्यानंतरच्या दिवसांत मला काहीही करायचं नव्हतं आणि तीच माझी शिक्षा होती. माझा हात दर थोड्या वेळानं खिशाकडे जायचा. मी दुपारनंतर दुकान बंद ठेवू लागलो आणि खिचडी घोटायला शिकलो. तांदूळ, मुगाची डाळ, चिमूटभर मीठ, वर चमचाभर तूप. घास भरवायला अर्धा अर्धा तास लागतो, हे मला दहा महिन्यांत ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी रेघा पाच झाल्या. सहाव्या दिवशी तीन. नवव्या दिवशी सकाळी बायकोनं मला हाक मारली आणि आम्ही दोघं लंगोटावर वाकून बघत राहिलो. घट्ट झाली होती. आमच्या लग्नाचा अल्बमही आम्ही कधी इतक्या कौतुकानं पाहिला नव्हता. काट्यावर सात किलो सहाशे आलं. दुपारी मुलगी पंख्याशी बोलली.

सासूबाईंना मीच सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मला आडाणी बाईला काय ठावं. तुमाला तर ठावं व्हतं." आणि उठून आळीव भिजत घालायला गेल्या. लेकीला दूध यावं म्हणून त्या महिनाभर राहिल्या. आळिवाची खीर, शतावरी, मेथीचे लाडू. बायको सगळं मुकाट्यानं खायची. रोज सकाळ-संध्याकाळ मुलीला जवळ घ्यायची. थोडं दूध यायचं, मुलगी दोन घोट घ्यायची आणि तोंड काढून चमच्याच्या दिशेनं बघायची. मग तेवढंही आटलं. मॅडम म्हणाल्या, काही जणींना परत येतं, काहींना नाही येत. मुलगी बरी आहे, आता वाईट वाटून घेऊ नका.

दुकान चालू आहे. जुलाबाला मी आता ओआरएस आणि झिंक देतो आणि डॉक्टरकडे पाठवतो. काही लोक ऐकतात. बरेचजण समोरच्या दुकानात जातात आणि तिथून हवी ती बाटली घेऊन माझ्या डोळ्यांसमोरून निघून जातात. मला काउंटरवरून उडी मारून त्यांच्या मागं जावंसं वाटतं.

बायको माझ्याशी नीट बोलत होती. भाजी, गॅस, शाळा, पोरीची लस, सगळं. त्या सतरा दिवसांबद्दल अवाक्षर काढत नव्हती. मी दोन-तीनदा विषय काढला, ती उठून जायची. तिनं भांडावं म्हणून मी वाट बघत होतो.

मुलगी चौदा महिन्यांची झाली तेव्हाची गोष्ट. चालताना पडली, कपाळाला टेंगूळ आलं आणि रडत आईकडे गेली. बायकोनं सवयीनं तिला पदराखाली घेतलं. मुलीनं तळहात छातीवर ठेवला, क्षणभर पाहिलं आणि रडं थांबवून खाली उतरून झारा वाजवायला निघून गेली. बायको हुक लावत बसली.

"डॉक्टरांशी खोटं बोललात, ते मी सोडून दिलं," ती म्हणाली. "माणूस घाबरतो. पण वाटी पुढं घेऊन मी बसले होते तेव्हा तुम्ही दारात होतात. तुम्हाला माहीत होतं."

"होय."

"मला अजून वाटतं, काहीतरी होतंच माझ्यात. मॅडमनी सांगितलं, रिपोर्टात आलं, पोर बरी झाली, सगळं कळतं मला. तरी आंघोळ करताना वाटतं."

मला उठून पाणी आणावंसं वाटलं, खिडकी उघडावीशी वाटली. मी बसून राहिलो आणि म्हणालो, "तुझं दूध चांगलं होतं." बोलून झाल्यावर लक्षात आलं, हे मी तिला आजवर एकदाही म्हटलं नव्हतं.

ती झारा वाजवणाऱ्या मुलीकडे बघत होती. नजर न वळवता म्हणाली, "परत म्हणा."

मी परत म्हणालो.